विहाराच्या दारावरचं पोळं

राळेगाव तालुक्यातल्या त्या गावांत घर रंगवायचं ठरलं की लोक आधी रंग ठरवत नाहीत, नागोराव थूल मोकळा आहे का ते विचारतात. रंगारी काय, पुष्कळ आहेत. पण दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरं रंगवायचा हंगाम आणि गांधीलमाश्यांची पोळी भरायचा हंगाम नेमका एकच येतो, आणि हे दुखणं रंगाऱ्यालाच ठाऊक. छपराच्या वळचणीला, झरोक्यात, खिडकीच्या सज्ज्याखाली, मीटरच्या डब्यामागं, जिथं ब्रश न्यायचा तिथं ही बया आधीच येऊन बसलेली. बाकीचे रंगारी तेवढा तुकडा तसाच सोडतात आणि घरमालकाला सांगतात, तिकडं कोण पाहते बावा. नागोराव सोडत नसे. भिंतीवर एवढंसं कोरं राहिलं तरी त्याला रात्री जेवण गोड लागत नसे.

त्याची रीत ठरलेली. शिडी लावायच्या आधी घराभोवती एक फेरी मारायची, मान वर करून. त्याची बायको कौसल्या सगळ्यांना सांगते की हा माणूस मला पाहायला आला होता, तेव्हाही त्याचं ध्यान पोरीकडं कमी आणि आमच्या वळचणीकडं जास्त होतं. चहाचा कप हातात घेऊन वर बघत बसला होता म्हणे. तिच्या बापाला वाटलं, पोरगा घराचं छप्पर पाहून हुंडा ठरवतोय की काय. तिथं एक पोळं होतं, बस्स, एवढंच.

पोळं आडबाजूला असलं, कुणाच्या येण्याजाण्याच्या वाटेत नसलं, तर नागोराव त्याला हातही लावू देत नसे. कपाशीवरच्या अळ्या उचलून नेणारी माशी ती, थंडी पडली की घर सोडून आपोआप जाते, तुमचं काय घेते, असं तो घरमालकालाच दरडावी. दारावरच असलं तर मात्र काढायचं. तेही पहाटे, उन्हं यायच्या आत, माश्या गारठून बसलेल्या असताना, अंगभर कपडे घालून, साबणाच्या पाण्याचा फवारा मारून. दगड नाही, काठी नाही, आणि टेंभा तर मुळीच नाही. टेंभ्यानं पोळं जाळायला निघालेल्या एका शहाण्यानं परसातली वर्षभराची पऱ्हाटी पेटवून दिली होती. चुलीला जळण म्हणून रचलेली ती कपाशीची वाळकी पऱ्हाटी, तिला काय, ठिणगीच हवी असते. माश्या उडून समोरच्या कडुनिंबावर जाऊन बसल्या आणि हा घागरी आणत गावभर पळाला. नागोराव ही गोष्ट इतक्या वेळा सांगे की ऐकणारे पुढची वाक्यं आधीच म्हणून टाकत.

एवढा सगळा शहाणपणा ज्याच्या अंगात, त्यानंच गेल्या वर्षी माती खाल्ली. तीही कुठं, तर विहारात.

गावातला बुद्धविहार नागोराव दरवर्षी एकटा रंगवतो. पांढऱ्या भिंती, दाराच्या कमानीला निळी किनार. अशोक विजयादशमीच्या आधी हे काम व्हायलाच हवं, कारण त्या दिवशी सारी वस्ती पांढरे कपडे घालून, निळे झेंडे घेऊन, लेकराबाळांसकट त्याच दारातून आत जाते. बाप होता तेव्हा बापानं चुना फासला, बापामागं नागोरावनं रंग धरला. या कामाची मजुरी त्यानं कधी घेतली नाही आणि हे काम कधी दुसऱ्या कुणाला करूही दिलं नाही. किनार ओढताना त्याचा हात असा स्थिर राहतो की खाली उभे असलेले बोलणं थांबवतात.

तर गेल्या वर्षी, वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी त्याला कमानीखाली एक इवलंसं पोळं दिसलं. सदऱ्याच्या गुंडीएवढं. त्यावर एकटीच माशी बसलेली. तेव्हा झाडूचा एक टोला पुरे होता. माशी उडून दुसरीकडं गेली असती, तिनं तिथं घर मांडलं असतं, संपला विषय. कौसल्या तसं म्हणालीसुद्धा. पण त्या दिवशी विहारातून नुकतंच पंचशील म्हणून बाहेर पडलेला माणूस तो. जीव घ्यायचा नाही हे पहिलं शील अजून जिभेवर होतं. राहू दे बिचारीले, म्हणाला.

बिचारीनं पावसाळाभर संसार वाढवला. वर्षावासात रोज संध्याकाळी बाया-माणसं विहारात वाचनाला बसत, आणि दारावर हिचं कुटुंब फुगत होतं. भादव्यात पोळं जेवणाच्या ताटाएवढं झालं. आता काढायचं तर सगळा गोतावळाच मरणार. आणि बुद्धाच्या दारात एवढी हत्या नागोरावच्या हातून होईना. मग त्यानं काय डोकं लढवावं? अख्खं पोळं जिवंतच काढायचं, रंगाच्या बादलीत उतरवायचं आणि आपल्या कपाशीच्या धुऱ्यावर, बांधावरच्या झाडाला, नेऊन टांगायचं. म्हणजे शीलही राहिलं आणि अळ्यांचाही बंदोबस्त झाला! आणि विहारात वर्दळ नको म्हणून वेळ कुठली निवडली, तर भरदुपारची. जगाला शिकवणाऱ्यानं आपलेच सगळे धडे एका दमात गुंडाळून ठेवले.

बादली वर गेली आणि माश्या खाली आल्या. मानेवर दोन, कानाच्या पाळीवर एक. तसे डंख त्यानं आयुष्यात कितीदा खाल्ले होते, चुना लावायचा आणि पुढचा हात मारायचा. पण या खेपेला शिडीवरून उतरता उतरता त्याचं सारं अंग खाजायला लागलं, ओठ सुजले, डोळे मिटत आले, आणि श्वास, श्वासच पुरेना. शिडी धरून उभ्या असलेल्या कौसल्येनं त्याला कमरेला मिठी मारून खाली घेतला. गावातल्या डोमाजीची काळीपिवळी जीप फाट्यावर सवाऱ्या भरत उभी होती. डोमाजीनं सवाऱ्या खाली उतरवल्या आणि याला घेऊन राळेगावचा दवाखाना गाठला. सुई वेळेवर मिळाली म्हणून वाचला. तो शुद्धीवर आल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नव्हे, कौसल्येला समोर बसवून सांगितलं की यांच्या अंगाला आता हे विष चालत नाही, पुढचा डंख याहून वाईट जाऊ शकतो, तेव्हा माशीपासून दूर. चुन्याबिन्याच्या भानगडीत पडायचं नाही, डंख बसलाच तर थेट दवाखान्यात.

त्या वर्षी थंडी पडून रिकामं होऊन गळेपर्यंत पोळ्याला कुणी हात लावला नाही, वस्ती त्याच्याखालून गुपचूप आत गेली, आणि कमानीची किनार रंगायची राहिली. गावात कुणी चकार शब्द काढला नाही, पण नागोराव मिरवणुकीत मान खाली घालून चालला.

या वर्षी कौसल्येनं त्याला विहाराच्या शिडीजवळ फिरकू दिलं नाही. आणि वर बघायचं काम गावानं इतकी वर्षं नागोराववरच सोडलेलं, त्यामुळं दुसऱ्या कुणी वर पाहिलंच नाही. गुंडीएवढं होतं तेव्हा दिसलं नाही. दसरा तोंडावर आला, थोरला मुलगा संघर्ष पताका लावायला दारात चढला, तेव्हा त्याच्या कानाजवळून गुणगुण गेली. जुन्या जागीच, कमानीखाली, पुन्हा ताटाएवढं.

संघर्षनं घरी येऊन जाहीर केलं की आम्ही पोरं मिळून संध्याकाळी टेंभा करतो आणि पाच मिनिटांत निकाल लावतो. नागोरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कापडी पताका, आत सतरंज्या, वायरी लोंबलेल्या, आणि हे दिवटे टेंभा घेऊन निघाले. त्यानं पऱ्हाटीची गोष्ट सुरू केली. संघर्षनं ती पुरी करून टाकली. मग कुणीतरी शेतातलं फवारणीचं औषध मारायचं काढलं, त्यावर कौसल्याच कडाडली, की त्याच दारात लेकरं बसून खिचडी खातात, विष मारता का तिथं?

खरी गोष्ट अशी होती की नागोरावला ते पोळं स्वतः काढायचं होतं. हट्टच धरून बसला. आपण पहाटे जातो, नीट अंग झाकतो, मागल्या खेपेसारखा गाढवपणा करत नाही, असं तो दोन दिवस बायकोच्या मागं मागं फिरून सांगत राहिला. ती भाकरी थापत होती, कपडे वाळत घालत होती, आणि हं का चूं करत नव्हती. त्याला वाटत होतं, पोळं नाही निघालं तर किनार नाही, आणि याही वर्षी किनार नाही म्हणजे नागोराव रंगारी संपला. लोक दुसरा पाहतील. वाईट त्याचंच वाटत होतं. जिवाचं भय होतं, नाही असं नाही, पण ते नंतरचं.

तिसऱ्या संध्याकाळी कौसल्येनं ताट वाढलं आणि समोर बसून शांतपणे सांगितलं.

“पोळं मी काढतो. तुमी डोमाजीच्या जीपीत बसान. काचा वर करून. जीपीतून पाय खाली ठेवला, तर मी पंप तिथंच टाकून घरी येईन.”

नागोरावचा घास हातातच राहिला. तुले काय जमते, असं तो म्हणाला, मग म्हणाला की तुले काही झालं तर. कौसल्येला वेचणीच्या दिवसांत कपाशीत कितीदा माशी चावलेली, लिंबाएवढं सुजायचं आणि उतरायचं, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. गेल्या वर्षी हिच्यावर काय गुदरलं असेल, हे त्याच्या पहिल्यांदा ध्यानात येत होतं.

पहाटे फटफटायच्या आत डोमाजीनं विहारापासून लांब, रस्त्यावर जीप आणून लावली, तोंड राळेगावकडं करून. डोमाजी म्हणजे नागोरावचा लहानपणापासूनचा दोस्त, पण त्या दिवशी तो कौसल्येच्या हुकमात होता. त्यानं मित्राला आत बसवलं, काचा चढवल्या आणि खर्रा तोंडात टाकला. आधल्या संध्याकाळीच कौसल्येनं वस्तीत घरोघर सांगितलं होतं की जीपचा हॉर्न वाजेस्तोवर दारं उघडायची नाहीत, लेकरं आत, कुत्री बांधलेली.

मग ती आली. संघर्षची जाड पॅंट, तिचे पायचे मोज्यात खोचलेले, वरून नागोरावचा रंगानं कडक झालेला पूर्ण बाह्यांचा सदरा, हातात रबरी मोजे, डोक्यावर त्याचीच रंगकामाची टोपी आणि तिच्यावरून मच्छरदाणीचा तुकडा, गळ्याशी घट्ट बांधलेला. बांगड्या तिनं घरीच काढून ठेवल्या होत्या, हात सुजला तर रुतायला नकोत म्हणून. पाठीवर नागोरावचा चुना मारायचा पंप, चांगला धुतलेला, त्यात कपडे धुवायच्या पावडरीचं दाट पाणी. डोमाजीला हसू आवरेना. नागोरावला हसू आलं नाही. तिनं शिडी आणली नव्हती, हे त्यानं सगळ्यात आधी पाहिलं.

शिडीशिवाय कसं जमंल, असं तो काचेवर ठोकत ओरडला. बाहेर कुणाला ऐकू जाणार? कौसल्येनं पंपाला वेळूची लांब नळी जोडून घेतली होती. जमिनीवर पाय रोवून, दारापासून बाजूला उभं राहून तिनं नळीचं टोक वर नेलं. डंख बसला तर माणूस उंचीवरून पडायला नको. नागोरावला हे इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. आपल्या शिडीचा त्याला भारी गर्व.

पहिला फवारा बसला आणि माश्या वाऱ्यानं निंबोळ्या गळाव्यात तशा टपटप खाली पडल्या. आत बसून नागोराव सूचना देत होता. उजवीकडून मार, देठाशी मार, थांब, पंप भर. डोमाजी म्हणाला, मला कशाला सांगून राह्यला, मी कुठं मारून राह्यलो. तेवढ्यात पोळ्याच्या मागच्या अंगाला, फवारा पोचला नव्हता तिथून, एक लहानसा घोळका सुटला आणि थेट कौसल्येच्या तोंडावरच्या जाळीवर बसला.

नागोरावनं दार उघडलं. पाय खाली ठेवला, आणि सगळ्या वस्तीत ऐकू जाईल अशी हाक मारली.

“कौसल्या!”

इतकी वर्षं तो तिला संघर्षची माय म्हणत आला होता. नावानं त्यानं तिला कधी हाक मारली असेल तर ती त्यालाही आठवत नव्हती. डोमाजीनं त्याच्या सदऱ्याचा मागचा भाग धरून त्याला असा मागं ओढला की दोन गुंड्या तुटल्या, आणि दार लावून घेतलं.

कौसल्येनं हात झाडले नाहीत. पळालीही नाही. नळी हळूच खाली केली आणि माश्या जाळीवर तशाच घेऊन, पाय घाईत न टाकता, सरळ चालत शाळेच्या भिंतीमागं गेली. तिथं तिची शेजारीण कांताबाई नव्हती, मुलगा नव्हता, कुणीच नव्हतं, कारण तिनंच कुणाला येऊ दिलं नव्हतं. नागोरावला फक्त भिंत दिसत होती. त्या भिंतीकडं बघत तो जीपमध्ये असा बसला की डोमाजीनं खर्रा थुंकायचीही हिंमत केली नाही. आपल्याला गेल्या वर्षी दवाखान्यात नेताना हिनं हेच सोसलं असेल, आणि आपण तेव्हापासून फक्त किनारीचं रडगाणं गात राहिलो, असं त्याला वाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

बऱ्याच वेळानं ती भिंतीमागून आली. माश्या पांगल्या होत्या. तिनं पंप भरला, पोळ्याच्या मागच्या बाजूनं फवारा धरला आणि शेवटची माशी पडेस्तोवर हलवला नाही. मग आणखी थोडं थांबली. मग वेळूनं पोळं पाडलं, चिमट्यानं झाकणाच्या बादलीत घातलं, खाली पडलेल्या माश्या झाडून त्याच बादलीत भरल्या. झाकण लावल्यावर तिनं विहाराच्या दाराकडं तोंड करून हात जोडले आणि काहीतरी पुटपुटली. काय म्हणाली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. नंतर तिनं डोमाजीला हात केला आणि हॉर्न वाजला.

नागोराव धावत गेला. तिनं उजव्या हाताचा मोजा काढला तर मनगटावर, मोजा आणि बाही यांच्यामधल्या बोटभर उघड्या जागेवर, एक डंख. त्याचा हात सवयीनं चुन्याच्या डबीकडं गेला आणि परत आला. त्यानं नळावरच्या गार पाण्यात रुमाल भिजवला आणि तिच्या मनगटावर धरून बसला. श्वास लागतो का, ओठ जड वाटतात का, अंग खाजते का, असं तो दर घटकेला विचारत राहिला. डोमाजीनं जीप चालूच ठेवली होती. पण लिंबाएवढं सुजण्यापलीकडं काही झालं नाही. उन्हं वर आल्यावर तीच कंटाळून म्हणाली की आता पुरे, रुमाल नका पिळू, हात माहा पांढरा पडला.

लोक दारं उघडून जमा झाले. संघर्षनं बादली उचलली आणि लांब धुऱ्यावर खड्डा करून पुरून आला. बायांनी कौसल्येला त्या वेशात पाहून तोंडाला पदर लावला. जो तो तिला विचारत होता की हे शिकली कुठं. ती हसून पंप धूत राहिली.

दुपारी विहाराची कमान मोकळी होती. जिथं पोळ्याचा देठ चिकटलेला होता ती फट पुटीनं बुजवायची होती, म्हणजे पुढल्या वैशाखात कुणी तिथं पुन्हा घर मांडायला येणार नाही. हे काम रंगाऱ्याचं. नागोरावनं शिडी आणली, लावली, सवयीनं मान वर करून कमान नीट पाहिली. मग तो थांबला. इतकी वर्षं शिडीवर चढताना तो खाली उभ्या असलेल्या बायकोवर खेकसत आला होता की तुहं काय काम इथं, जा घरी, पोरं पाहा. ती कधी गेली नाही, आणि त्यानं शिडी कधी धर म्हटलं नाही.

“कौसल्या,” तो म्हणाला, “शिडी धरतं का?”

तिनं डाव्या हातानं शिडी धरली. तो वर चढला, पुटी भरली, घासली, पांढरा हात दिला. मग निळा डबा घेऊन किनारीला ब्रश लावला आणि मधेच थांबून, आयुष्यात पहिल्यांदा, शिडीवरून खाली पाहिलं. ती मान वर करून त्याच्याकडं बघत होती.

सकाळपासून मनात अडकलेलं त्यानं तेव्हा विचारलं, की तुला हे सगळं कसं येते, मी तर तुला एक अक्षर शिकवलं नाही.

“तुमचं ध्यान राहे माशीकडं,” ती म्हणाली. “माहं ध्यान राहे तुमच्याकडं. इतके वर्सं खाली उभी राहून दुसरं काय पाहत होती मी?”

नागोराव खाली तिच्याकडंच बघत राहिला. ब्रश किनारीवर होता आणि हात तसाच पुढं सरकत गेला. किनार थोडी वाकडी गेली. खालून तिनं ते पाहिलं आणि म्हणाली की पुसा, अजून ओलं हाये.

त्यानं पुसलं नाही. दसऱ्याला सारी वस्ती त्या दारातून आत गेली, लेकरं पुढं, झेंडे मागं, आणि नागोराव कौसल्येच्या बाजूनं मान वर करून चालला. कमानीच्या डाव्या अंगाला निळी किनार बोटभर वाकडी आहे. कुणी विचारलं तर तो सांगतो की राहू द्या, ती तशीच आहे.